विकताना मालक, तक्रारीला मध्यस्थ

"सेकंडहँड गाडी घेतलीस ना? मग आता कशाला बोंबलतोस?" मेहुणा म्हणाला, सोसायटीतले काका म्हणाले, आणि मनातल्या मनात महिनाभर मीही तेच म्हणत होतो.

फेब्रुवारी २०२५मध्ये पुण्यातल्या एका डीलरकडून ४ लाख १० हजारांना गाडी घेतली. 'फर्स्ट ओनर, नॉन-अ‍ॅक्सिडेंटल, एकदम टकाटक.' तिसऱ्या आठवड्यात काचा आपोआप खाली यायला लागल्या, मग डॅशबोर्डवर दिव्यांची जत्रा, आणि एका रात्री खंबाटकी घाटात गाडी बंद. बायको-पोरं आत, बाजूनं ट्रक घोंघावतायत.

साताऱ्यातल्या मेकॅनिकनं सीटखालचं कार्पेट उचललं, तर खाली वाळलेला गाळ. सीटचे रूळ गंजलेले. मग त्यानं सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढला आणि पट्ट्यावरची मातकट रेघ दाखवली. "साहेब, ही पाण्यात बसलेली गाडी हाय." कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधल्या नोंदीत ऑगस्ट २०२४चं दुरुस्तीचं भलंमोठं एस्टिमेट निघालं. २५ जुलै २०२४ला सिंहगड रोडच्या एकतानगरीत पाणी शिरलं होतं, ते आठवतंय ना? ही गाडी तेव्हा नेमकी कुठे होती माहीत नाही, पण तारखा बघा.

डीलरला फोन केला. उत्तर: "आम्ही फक्त मध्यस्थ हो. आरसीवर आमचं नाव आहे का? आणि 'जशी आहे तशी' वर तुमची सही आहे."

इथं माझं डोकं फिरलं. जाहिरात यांची, पैसे यांच्या फर्मच्या खात्यात, पावती यांची. मग मध्यस्थ कसले? १ एप्रिल २०२३पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओचं अधिकारपत्र लागतं, आणि गाडी त्याच्या ताब्यात दिल्याची सूचना आरटीओला गेली की कायद्याच्या नजरेत तोच मालक. ते अधिकारपत्र मी बघायलाही मागितलं नव्हतं. भिंतीवरच्या एसीचं गार वारं आणि फुकटचा चहा यातच खूश होतो.

क्लच प्लेट गेली, बॅटरी बसली, टायर गुळगुळीत झाले, तर ते आपलं. जुनी गाडी आहे, मान्य. पण पुराचं पाणी लपवून 'टकाटक' म्हणणं ही झीज नव्हे, फसवणूक आहे. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ग्राहक म्हणजे फक्त नवी वस्तू घेणारा असं कुठेही म्हटलेलं नाही. 'जशी आहे तशी'वरच्या सहीनं माहीत असलेला दोष दडवायची मुभा मिळते, हे मला तरी पटत नाही.

तक्रार पुण्यातच करावी लागेल असं वाटून मी हबकलो होतो. तसं नाही. आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात करता येते, मुदत २ वर्षं, वकील सक्तीचा नाही, आणि दिलेली किंमत ५ लाखांच्या आत असेल तर फी शून्य. आधी ग्राहक हेल्पलाइनला, १९१५वर, फोन केला, मग रजिस्टर पोस्टानं नोटीस धाडली. व्हॉट्सअ‍ॅपवरची ती जाहिरात मी डिलीट केली नव्हती, हे नशीब. डीलरनंही त्याच्या बाजूनं केली नव्हती, हे जास्त नशीब.

नोटीस पोचल्यावर मॅनेजरचा आवाज मऊ. "२० हजार देतो, मिटवून टाकू."

नाही म्हणालो. आता अडलंय ते एकाच गोष्टीवर. दोष विक्रीच्या आधीचा आहे, हे तज्ज्ञाच्या लेखी अहवालानं दाखवायचंय, आणि मेकॅनिक म्हणतो, "तोंडी काय बी सांगतो साहेब, लिहून नाय देत. धंदा इथंच करायचाय." साताऱ्यात किंवा कराडात कुणाच्या ओळखीचा गाड्यांचा सर्व्हेअर असेल तर इनबॉक्स करा. फी देईन.