पॅड स्वस्त, मजुरी महाग
कारचे ब्रेक पॅड (डिस्कवर घासून चाक थांबवणाऱ्या पट्ट्या) घरी बदलले की पैसे वाचतात असं म्हणतात ते खरंय, पण अर्धंच, चुकलं की नुकसानही होतं. मागच्या पावसाळ्यात कात्रजचा घाट उतरताना पुढून किर्रर्र आवाज यायला लागला, सर्व्हिस सेंटरवाल्याने पॅड, डिस्क (चाकाबरोबर फिरणारी लोखंडी चकती), क्लीनिंग असं सगळं धरून साडेआठ हजार सांगितले. मी पुण्यात नाना पेठेतून १६०० ला पॅड आणले आणि रविवारी पार्किंगमध्येच बसलो. डिस्क व्हर्नियरने (जाडी मोजायच्या पट्टीने) मोजली तर तिच्यावर कोरलेल्या किमान जाडीपेक्षा चांगली जाड, म्हणजे बदलायची गरजच नव्हती! कॅलिपरचा, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाचा, पिस्टन सी क्लॅम्पने (शिकंजाने) मागे दाबताना बॉनेटखालच्या डबीतलं ब्रेक ऑइल वर चढतं हे ध्यानातच नाही आलं, सांडलं आणि पत्र्याचा रंग फुगला. आणि हो, काम झालं की गाडी हलवायच्या आधी ब्रेकचं पेडल चार-पाचदा दाबा, पहिल्यांदा ते थेट तळाला जातं आणि ब्रेक लागतच नाही, मी विसरलो असतो तर गेटवर खुर्ची टाकून बसलेल्या वॉचमनकाकांचं काही खरं नव्हतं. मागच्या चाकांच्या ड्रम ब्रेकला मात्र हात लावत नाही बुवा, त्या स्प्रिंगा बसवताना डोकं फिरतं, कोपऱ्यावरचा गॅरेजवाला ४०० घेतो, घेऊ दे.