‘जुनं असं उरलंय काय त्यात?’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

लॅकॉक अ‍ॅबी, म्हणजे इंग्लंडमधल्या नन्सच्या जुन्या मठाचं पुढे झालेलं घर, यावरच्या माझ्या लेखाखाली आपण दिलेली प्रतिक्रिया वाचली. डोकं निवल्यावर लिहावं म्हणून दोन दिवस थांबलो. फारसं निवलेलं नाही.

आधी चूक कबूल करतो. विल्यम शॅरिंग्टनने मठ विकत घेतला तो १५४० साली. मी लिहिलेलं १५३९ हे मठ बंद झाल्याचं साल. लेखात दुरुस्ती केली आहे. पण ती चूक दाखवताना ‘घरबसल्या लिहिलं की असंच होतं’ हे शेपूट कशाला? अकरा वर्षं ब्रिस्टलला राहतोय. लॅकॉकला पाचदा गेलोय, त्यात एकदा भर पावसात, आईला व्हीलचेअरवर घेऊन. घरबसल्या म्हणे!

आता आपलं लाडकं वाक्य: ‘दर मालकाने मोडतोड केलेल्या घरात जुनं असं उरलंय काय? ती दक्षिणेकडची खिडकी तेवढी अस्सल वाटते.’

साहेब, तीच तर नवी आहे! ती ओरिएल, म्हणजे भिंतीबाहेर आलेली खिडकी, फोटोग्राफीच्या जनकांपैकी एक आणि या घराचा तेव्हाचा मालक फॉक्स टॅलबट, याने १८३० च्या आसपास बसवून घेतली. १८३५ च्या ऑगस्टमध्ये त्याने तिचाच फोटो काढला, आणि आज शिल्लक असलेली जगातली सगळ्यात जुनी निगेटिव्ह ती हीच. आकाराने टपालाच्या तिकिटाएवढी. सुरुवातीला भिंगातून पाहिलं की खिडकीच्या सुमारे २०० काचा मोजता यायच्या, असं त्याने स्वतः लिहून ठेवलंय. आणि ही खिडकी आहे कुठल्या भिंतीत? मठाचं चर्च शॅरिंग्टनने पाडलं, पण त्याची उत्तरेची भिंत ठेवली. तीच आज घराची दक्षिणेची भिंत. म्हणजे आपल्याला ‘अस्सल’ वाटलं ते एकोणिसाव्या शतकातलं, आणि ज्याला मोडतोड म्हणालात त्यातच काउंटेस एलाने १२३२ साली स्थापलेल्या मठाची भिंत उभी आहे. खाली चौकाभोवतीची ओवरी तर मठाचीच, तिच्यावर शॅरिंग्टनने घर चढवलं. त्याच्या अष्टकोनी बुरुजात दगडी टेबल आहे, उकिडवे बसलेले सॅटर (ग्रीक पुराणातले अर्धे माणूस, अर्धे बोकड) ते डोक्यावर तोलून बसलेत. तेही मोडतोडीतच धरायचं का?

हॉलला ‘नकली गॉथिक’, म्हणजे मध्ययुगीन युरोपातल्या टोकदार कमानींच्या शैलीची नक्कल, म्हणालात. असेल. वास्तुरचनाकार सँडरसन मिलरने तो १७५४-५५ मध्ये गॉथिकची नक्कल म्हणूनच बांधला. कोनाड्यांत टेराकोटाचे पुतळे, त्यातल्या बोकडाच्या नाकावर साखरेचा खडा. या नकलेलाही आता पावणेतीनशे वर्षं होत आली. वाईच्या आमच्या वाड्यात आजोबांनी बळदाच्या जागी १९७८ साली संडास बांधला. म्हणून काय तो वाडा राहिला नाही? मी त्याच वाड्यात वाढलोय, घर बदलतं म्हणजे काय ते मला नावाशिवाय लिहिणाऱ्याने शिकवायला नको.

चर्च पाडल्याचं मी एका ओळीत उरकलं आणि तिथल्या नन्सचं पुढे काय झालं ते लिहिलंच नाही, असंही आपण म्हणालात. तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.

फोटो तिरके आलेत, हे मात्र मान्य. एका हाताने व्हीलचेअर धरली होती.