छोटा हत्तीच्या हौद्यात बायका बसवणाऱ्यांनो

आज संध्याकाळी पाचगणीहून वाईला उतरत होते. पसरणी घाटात माझ्या स्कूटीपुढं एक छोटा हत्ती, म्हणजे टाटाचा छोटा मालवाहू टेम्पो. हौद्यात स्ट्रॉबेरीचे रिकामे क्रेट रचलेले आणि त्या क्रेटवर तोडणीच्या बायका. एकीच्या मांडीवर लेकरू. दोघी फाळक्यावरून पाय खाली सोडून बसलेल्या. इंजिनाचा आवाज नाही, नुसती टायरची घरघर. मागचा लाल दिवा विझायचं नाव घेईना आणि बुवासाहेबाच्या मंदिरापाशी तर ब्रेकचे लायनर जळल्याचा करपट वास नाकात घुसला. गाडी न्यूट्रलवर सोडलेली होती. डिझेल वाचवायला!

खाली वाईत गाठलंच. स्टेअरिंगवर मिसरूड न फुटलेलं पोरगं. म्हणे, "काय होत नाय ताई, रोजचंच हाय." रोजचंच आहे म्हणूनच हात थरथरतायत माझे हे लिहिताना.

आमच्या आबांनी छोटा हत्ती घेतला तो 2005 साली टाटांनी ही गाडी बाजारात आणल्यावर थोड्याच दिवसांत. भाजी, खत, सिमेंट, विटा, सगळं वाहिलं त्यांनी. माणूस मात्र हौद्यात कधी बसवला नाही. एकदा पौषात चुलत्यांनी मांढरदेवला जायला गाडी मागितली. घरचीच माणसं, देवाचं काम. आबा म्हणाले, "माल सांगा, आत्ता नेतो. माणसं नेणार न्हाई." चुलते भर अंगणात बोलले, "गाडी आली तशी मस्ती आली." आबांनी मान खाली घालून ऐकून घेतलं, पण किल्ली काही दिली नाही.

त्या हौद्यात काय आहे सांगा मला? धरायला कडी नाही, बसायला सीट नाही, बेल्टचा तर प्रश्नच नाही. ही गाडी साधारण पाऊण टन माल वाहायची. अंगानं अरुंद. माल खाली, सपाट आणि बांधलेला असेल तर ती वळणावर नीट जाते. क्रेटच्या थरावर माणसं बसवली की सगळा भार वर चढतो, आणि माणसं काही पोत्यासारखी जागेवर राहत नाहीत, वळण आलं की सगळी एका अंगाला झुकतात. तेच पाण्याच्या टाकीचं. हजार लिटर पाणी म्हणजे एक टन, टाकीचं वजन वेगळं. ती टाकी याच गाडीत चढवतात लोक! आणि अर्धी भरून नेली तर ते पाणी वळणावर हिंदकळून गाडीला ओढतं. शेतकऱ्याच्या घरात जन्मलेल्याला हे मी सांगायचं?

आणि न्यूट्रल. आबांचा एकच नियम होता: ज्या गिअरला घाट चढलास त्याच गिअरला उतर. गाडी गिअरमध्ये असली की इंजिनच तिला मागं धरतं. न्यूट्रल केली की सगळा भार ब्रेकवर. ते तापतात आणि तापले की धरत नाहीत. वर कुणी चावीही बंद करतं, म्हणजे ब्रेकला असलेली इंजिनाची मदतसुद्धा गेली. बरं, डिझेल तरी वाचतं का? गिअरमध्ये ॲक्सिलरेटरवरून पाय काढून उतरलं तर इंजिन डिझेल जवळजवळ घेतच नाही, उलट न्यूट्रलला चालू ठेवलं की पीत राहतं. कुणाला सांगायचं!

पोरावर राग होता माझा, आता लिहिता लिहिता मालकावर आलाय. माल वाहायची गाडी चालवायला वय 20 लागतं. अठराच्या आतलं पोर सापडलं तर 2019 च्या दुरुस्तीनंतर पालक किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25 हजार दंड आहे. आणि मालवाहू गाडीत फुकट बसवून नेलेल्या माणसाची भरपाई विमा कंपनीवर येत नाही, हे सुप्रीम कोर्टानं 2003 सालीच सांगितलंय. म्हणजे उद्या त्या दोघींपैकी एक खाली पडली तर तिच्या घरच्यांनी कुणाच्या दारात जायचं? सकाळी तिनं तोडलेली फळं दर क्रेटला कागद घालून, जपून नेता तुम्ही. डाग पडायला नको!

हो, मान्य आहे, पहाटे एसटी सोयीची नसते. बायकाही स्वतःच म्हणतात, बसतो की मागं, त्यात काय. त्यांना दिवसाची मजुरी बुडायची भीती असते. हजेरी देणाऱ्यापुढं "या गाडीत बसणार नाही" असं त्या म्हणतील कशा?

त्या मांढरदेवच्या वेळीही असंच झालं होतं. चुलतीच म्हणाली होती, आम्ही बसतो की दाटीवाटीनं. आबांनी खिशातले पैसे काढून वडाप, म्हणजे माणसं नेणारी भाड्याची जीप, ठरवून दिलं. आई दोन दिवस धुसफुसत होती, घरात खताला पैसे नव्हते. चुलत्यांनी पुढं किती दिवस अबोला धरला. आबांनी त्यावर कधी एक शब्द काढला नाही, चुलत्यांची भाजी मात्र मंडईत नेत राहिले.

वडापही सगळं नियमातलं असतं असं नाही, कोंबतातच. पण निदान सीट आहे, दार आहे, डोक्यावर छत आहे. दोन-तीन बागायतदारांनी मिळून एक जीप लावली तर माणशी खर्च तो किती येणार? भिलार-पाचगणीकडं ज्यांची तोडणी चालू आहे त्यांनी आज रात्रीच ठरवा. आमच्या ओळखीचे वडापवाले आहेत, पहाटे पाचला दारात येतात. नंबर हवा असेल त्यांनी इनबॉक्सला या, लगेच देते.