दोऱ्या, गाठी आणि सतरा मिलिमीटरचे खलाशी

जहाजाच्या छोट्या मॉडेलचं धड जोडून, रंगवून झालं की घरी येणारा प्रत्येकजण म्हणतो, "वा, झालंच की!" कसलं डोंबलाचं झालं? ही 'व्हिक्टरी' आहे, 1805च्या ट्रफल्गारच्या लढाईतलं ब्रिटिश अ‍ॅडमिरल नेल्सनचं जहाज. खरी हमाली इथून पुढे. डोलकाठीच्या दोन्ही बाजूंच्या दोरांवर खलाशांना चढायला आडव्या पायऱ्या असतात. 1:100 प्रमाणात जेमतेम चार मिलिमीटरला एक, आणि प्रत्येक उभ्या दोराशी एकेक गाठ! किटमधल्या दोऱ्याला कितीही मेण चोळा, तूस निघतंच. शेवटची गाठ जरा जास्त आवळली की बाहेरचा दोर आत ओढला जातो, सगळी शिडी कमरेत खचते. सोडा परत.

त्यात ती सतरा मिलिमीटरची खलाशी माणसं. साचा एकच, म्हणून सगळ्यांना एकच रंग फासावा तर तेही चूक. ब्रिटिश आरमारात साध्या खलाशांना ठरलेला गणवेश 1857 साली मिळाला, म्हणजे इथे प्रत्येकाचा सदरा वेगळा रंगवा. (लाल कोटवाले मरीन, म्हणजे जहाजावरचे सैनिक, तेवढे गुणी, सगळे एकसारखे.) आणि चिकटवायची कधी? दोर बांधल्यावर चिमटा आत जात नाही, आधी चिकटवली तर दोर ओवताना पहिली मुंडी त्यांचीच उडते!