बँड विचारू नका, थेट वाजवून घ्या

नवीन फोन घेताय? मग माझं ऐका, मी नुकतंच 22 हजार भरून शिक्षण घेतलंय.

पहिलं म्हणजे इथल्या दुकानातनं घेऊच नका. पोवई नाक्यावर इतकी दुकानं, बिल देतात, वॉरंटी देतात, कसली कटकट! अमेरिकेतनं येणाऱ्या कुणाच्यातरी बॅगेतनं मागवा. आमच्या दाजींच्या मित्रानं आणला तसा.

सिमचा ट्रे आहे का बघू नका. तिकडच्या आयफोनला 14 पासून ट्रेच नाय, सगळं ई-सिमवर, म्हणजे फोनातच बसवलेल्या सिमवर. (माझा आयफोन नाय, म्हणून ट्रे तरी मिळाला.) तुमचं सिम देव्हाऱ्यात ठेवा.

बँड म्हणजे फोन ज्या लहरींवर नेटवर्क पकडतो तो पट्टा. एन 78, एन 28 असली 5जी बँडची नावं कुणी बोललं तर मटक्याचे आकडे समजून सोडून द्या. खोक्यावर 5जी लिहिलंय ना, बास. 700 मेगाहर्ट्झचा 5जी सिग्नल लांबवर पोचतो, भिंतीतनं आत येतो, पण त्याला फोनमध्ये एन 28 लागतो, हे यवतेश्वरचा घाट चढताना कळेलच की.

व्होल्टी, म्हणजे 4जीवरनं कॉल करायची सोय, तर अजिबातच विचारू नका. मग काय होतं, सिग्नलच्या काड्या फुल्ल, रील पळतायत, आणि कॉल म्हणाल तर ना जातो ना येतो. कारण माझ्या सिमच्या कंपनीकडं 2जी-3जी नाहीच, आवाज पण 4जीवरनंच जातो, आणि ती सोय त्या मॉडेलला या कंपनीसाठी चालू करून दिलेली पाहिजे. अमेरिकेसाठी बनवलेल्या माझ्या फोनात ती नाय. मग मी सिम काढलं, पुसलं, घातलं, रिस्टार्ट मारला, रिसेट मारला, सगळे फोटो घालवले, परत तेच. दुसऱ्या कंपनीचं सिम घातलं तर कॉल 2जीवर लागला, पण बोलणं सुरू झालं की नेट गायब. आणि मंगळवारी मेढ्यात आईचा पाय मुरगळला, माउली अकरा वेळा फोन लावत बसली आणि मी इकडं फुल्ल काड्या बघत निवांत. शेवटी शेजारच्या पोरानं व्हॉट्सॲपवरनं कॉल केला. तो पहिल्या झटक्यात लागला!

कस्टमर केअरला जरूर फोन करा. (कशावरनं, ते तुम्ही बघा.)

जाऊ दे, आता सरळच बोलतो. अरे, विकताना एका वाक्यात सांगायला काय जीभ झडते का तुमची, की बाबा यावर इथं कॉल लागतील का माहीत नाय? आणि कंपनीवाल्यांनो, मेगापिक्सेल खोक्यावर एवढे ठळक छापता, बँडची यादी मात्र वेबसाईटच्या तळाला मुंगीच्या अक्षरात, का? आणि तुम्ही आम्ही पण तसलेच, फोन हातात आला की आधी सेल्फी काढायचा! दोन मिनिटं आपलं सिम घालून एक कॉल लावून बघितला असता तर? नाय बघितला. मी पण नाय बघितला.

काल दाजींना पैसे परत मागितले. म्हणाले, "पण फोटो कसले येतात बघ की!"