‘पोट्ट्यांना मोबाइल येतो, मग कॉम्प्युटर कायले?’ या फॉरवर्डला एका मास्तरचं उत्तर

गेल्या काही महिन्यांत एक मेसेज आमच्या भागातल्या बहुतेक ग्रुपवर फिरून गेला. पालकांच्या, माजी विद्यार्थ्यांच्या आणि शिक्षकांच्यासुद्धा. त्याचा मजकूर थोडक्यात असा: इंजिनीअरिंग आणि पॉलिटेक्निकच्या मुलांना कॉम्प्युटर आणि कम्युनिकेशन स्किल शिकवणं म्हणजे वेळेची आणि फीची नासाडी आहे. आजची मुलं मोबाइलवरच वाढलीत, त्यांना कॉम्प्युटर काय शिकवायचा? कम्युनिकेशन म्हणजे इंग्रजी, आणि ते खेड्यातल्या पोराला तीन वर्षांत येत नसतं. आता तर एआय सगळं लिहून देतं. पोरांच्या हातात पाना आणि टेस्टर द्या, बाकीचं कंपनी शिकवून घेईल.

मी विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावी पॉलिटेक्निकमध्ये शिकवतो. वर्गातली बहुतेक मुलं कापूस-सोयाबीनच्या घरातली आहेत, सकाळच्या एसटीनं येणारी. हा मेसेज मला त्यांच्यातल्याच एकाच्या वडिलांनी पाठवला आणि खाली विचारलं, ‘सर, हे खरं हाय का?’ फोनवर बोललो, पण घाईत बोललो. त्यांच्या घरातला पैसा यात गुंतला आहे, म्हणून नीट उत्तर द्यायला हवं.

मोबाइलपासून सुरुवात करतो, कारण तो मुद्दा सगळ्यांना लगेच पटतो. ग्रामीण भागात फोन पोचला आहे, यात वाद नाही. ‘असर’ या शिक्षणाच्या अहवालाची २०२३ ची पाहणी देशातल्या २८ ग्रामीण जिल्ह्यांतल्या १४ ते १८ वयाच्या मुलामुलींची होती. त्यात जवळपास ९० टक्के घरांत स्मार्टफोन निघाला. पण ज्यांना फोन वापरता येतो त्यांच्यात स्वतःचा फोन असलेले मुलगे ४३.७ टक्के आणि मुली फक्त १९.८ टक्के होत्या. बाकीच्या मुलींचा फोन म्हणजे भावाचा, वडिलांचा, रात्री अर्धा तास हाती येणारा. ‘सगळ्यांकडे मोबाइल आहे’ या वाक्यात या मुली कुठेच नाहीत.

शिवाय मोबाइल येतो म्हणजे नेमकं काय येतं? पहिल्या वर्षाच्या पहिल्या प्रॅक्टिकलला मी एकच काम देतो: स्वतःच्या ईमेलवरून मला एक ओळ पाठवा. दरवर्षी बरेच जण तिथेच अडकतात. ईमेल आहे, पण पासवर्ड नाही. कारण प्रवेशाचा फॉर्म भरताना ते खातं सायबर कॅफेवाल्यानं काढून दिलेलं असतं आणि पासवर्ड त्याच्या दुकानातल्या वहीत असतो. कधी कधी नोंदवलेला मोबाइल नंबरही त्याचाच. दोन वर्षांपूर्वी आमच्या एका मुलाला ॲप्रेंटिसशिपच्या कागदपत्र पडताळणीचं बोलावणं अशाच खात्यावर आलं. त्याला ते कळलं तेव्हा तारीख उलटून नऊ दिवस झाले होते. ‘सर, मले तर काहीच आलं नाही,’ एवढंच तो म्हणत राहिला. मेल आला होता, फक्त त्याच्यापर्यंत पोचला नव्हता. दिवसाचे चार-चार तास फोनवर जाणारा हा मुलगा होता. रील बघण्याच्या सवयीतून आपलं खातं आपल्या ताब्यात ठेवायचं शिक्षण मिळत नाही, ते कुणीतरी शेजारी बसून द्यावं लागतं.

दुसरा प्रसंग काँक्रीटच्या लॅबमधला आहे. १५० मिलिमीटरचे तीन क्यूब, म्हणजे काँक्रीटचे ठोकळे, दाबून तोडले. लोड आले ५४०, ५४९ आणि ४१४ किलोन्यूटन. एक हुशार मुलगी एक्सेल उघडून बसली होती आणि शेजारी मोबाइलचा कॅल्क्युलेटर. प्रत्येक लोडला २२,५०० चौरस मिलिमीटरनं मोबाइलवर भागायचं आणि आलेलं उत्तर चौकटीत टाइप करायचं, असं तिचं चाललं होतं. तिसरा लोड वहीत घाईत ४४१ लिहिला गेला होता, म्हणून ताकद आली १९.६ आणि सरासरी २२.६७. नंतर चूक लक्षात आली. तिनं लोडच्या रकान्यात ४४१ खोडून ४१४ केलं आणि फाइल सेव्ह केली. ताकद आणि सरासरी तशीच राहिली, कारण ती हातानं भरलेली होती.

फरक छोटा वाटतो, पण काँक्रीटच्या आयएस ४५६ या भारतीय मानकाप्रमाणे एका नमुन्यातल्या कुठल्याही क्यूबची ताकद सरासरीपासून १५ टक्क्यांपेक्षा जास्त ढळता कामा नये. जुन्या आकड्यानं तिसरा क्यूब साडेतेरा टक्क्यांवर होता, म्हणजे मर्यादेत. खऱ्या आकड्यानं ताकद १८.४ येते, सरासरी २२.२७, आणि फरक १७ टक्क्यांच्या वर जातो. म्हणजे तो नमुनाच ग्राह्य धरता येत नाही, आणि तिची फाइल मात्र तो पास सांगत होती. मी बरोबरचं चिन्ह देऊन सूत्र कसं लिहायचं ते दाखवलं. दहा मिनिटं लागली. लोड बदलताच सगळे आकडे हलले तेव्हा ती म्हणाली, ‘सर, हे तर आपोआप बदलून रायलं!’ पुढच्या आठवड्यात तिनं १५ टक्क्यांची तपासणीही सूत्रात बसवली आणि मर्यादेबाहेरचा क्यूब लाल दिसेल अशी सोय केली. ती मी शिकवली नव्हती.

हे कुठल्याही व्हिडिओत मिळेल, असं कुणी म्हणेल. मिळेल. पण आपल्याला हे येत नाही हेच तिला माहीत नव्हतं, मग ती शोधणार काय?

इंग्रजीच्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे आणि ते मी मान्य करतो. कम्युनिकेशनचे तास बऱ्याच ठिकाणी गाळलेल्या जागा भरण्यात आणि स्वतःची ओळख इंग्रजीत पाठ करण्यात जातात. असिस्टंट म्हणून मीही काही वर्षं तेच केलं. मुलं घोकतात, व्हायवात म्हणून दाखवतात आणि विसरतात. मेसेज लिहिणारा अशाच वर्गात बसला असेल तर त्याचा राग मला समजतो. पण म्हणून कम्युनिकेशन म्हणजे इंग्रजी हे समीकरण खरं होत नाही.

२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी आणि शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात होते. त्याची कारणं अनेक होती, आणि सगळी काही कागदावरच्या मजकुरानं सुटली नसती. पण डब्याबरोबरचं बारीक अक्षरातलं पत्रक किती घरांत वाचलं आणि समजलं गेलं असेल, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या डोक्यातून गेलेला नाही. म्हणून मी मुलांना घरच्या फवारणी पंपाचं माहितीपत्रक आणायला सांगतो आणि म्हणतो, आपल्या बाबांना समजेल अशा सात-आठ ओळी मराठीत लिहा. पहिला मसुदा ठरलेला असतो: ‘फवारणी करताना योग्य ती काळजी घ्यावी.’ मी विचारतो, योग्य ती म्हणजे कोणती रे? मग हळूहळू खरं लिहिणं सुरू होतं. ‘वारा पाठीवर घ्या, वाऱ्याकडे तोंड करून फवारू नका.’ ‘नोझल तुंबलं तर तोंड लावून फुंकू नका, ब्रशनं साफ करा.’ या दोन ओळी लिहिणाऱ्या मुलाला संवादकौशल्य आलं, असं मी मानतो. त्यात इंग्रजीचे शब्द दोनच आहेत, तेही गावात रुळलेले.

इंग्रजी त्यानंतर येतं आणि तेही मर्यादित. मशीनचं मॅन्युअल वाचणं, चार ओळींचा मेल लिहिणं, बिघाडाची नोंद करणं. यात आज्ञार्थी छोटी वाक्यं असतात, आकडे असतात, एककं असतात. एवढं तीन वर्षांत येतं. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना ते येताना मी बघतो आहे.

एआयबद्दल फार लिहीत नाही. मीही वापरतो आणि मुलांनी वापरावं असं मला वाटतं. पण गेल्या वर्षी इंडस्ट्रियल ट्रेनिंगचा एक अहवाल माझ्याकडे आला, इंग्रजी एकदम सफाईदार. मुलगा सहा आठवडे कापसाच्या जिनिंग-प्रेसिंगमध्ये होता आणि अहवालात रोबोटिक आर्मचं वर्णन होतं. मी विचारलं, ‘तुह्या जिनिंगमध्ये रोबोट कुठं हाय?’ तो गप्प. मग म्हटलं, तू रोज काय करत होता ते सांग. त्यानं डबल रोलर जिनचे रोलर कसे झिजतात, चाकूशी त्यांचं अंतर कसं लावतात, रुईत सरकी जायला लागली की काय तपासतात, हे वऱ्हाडीत दहा मिनिटं न थांबता सांगितलं. हे कुठल्याच यंत्राला माहीत नव्हतं, कारण त्यानं ते यंत्राला सांगितलंच नव्हतं. एआयसमोरही आधी आपल्याला जे माहीत आहे ते क्रमानं मांडावं लागतं.

आता पाना आणि टेस्टर. हा मुद्दा मला सगळ्यात जास्त लागतो, कारण यात मुलांच्या जिवाचा प्रश्न आहे.

आमची इलेक्ट्रिकलची मुलं लाइनवर जातात. लाइनवर चढायच्या आधी उपकेंद्रातल्या ऑपरेटरकडून लाइन बंद करून परमिट, म्हणजे कामाची लेखी परवानगी, घ्यायचं, अर्थिंग करून लाइन जमिनीशी जोडायची, काम झाल्यावर परमिट परत करायचं आणि मगच लाइन चालू करायची, हा नियम प्रत्येकाला पाठ असतो. पण पावसाळ्यात रात्री ब्रेकडाउन झालं की हे फोनवर उरकण्याचा मोह होतो. ‘बंद केली का?’ ‘केली.’ कोणती? गावठाण फीडर, म्हणजे गावाला वीज देणारी लाइन, की शेतीचा? दोघांच्या मनात वेगवेगळा फीडर असला तर वर चढलेल्या माणसाच्या हातातल्या टेस्टरनं काय होणार? मी वर्गात दोन मुलांना पाठीला पाठ लावून बसवतो आणि हा फोन करायला लावतो, त्यांच्या रोजच्या बोलीत. ऐकणाऱ्यानं फीडरचं नाव, वेळ आणि परमिट नंबर उलट बोलून दाखवायचा. पहिल्या फेरीत जवळजवळ प्रत्येक जोडी काहीतरी सोडते.

हे फक्त आपल्याकडे होतं असंही नाही. ६ जुलै १९८८ ला उत्तर समुद्रातल्या पायपर अल्फा या तेल-वायूच्या प्लॅटफॉर्मवर १६७ माणसं मेली. एका पंपाची सेफ्टी व्हॉल्व्ह दुरुस्तीला काढली होती, काम अर्धवट राहिलं आणि शिफ्ट बदलली. रात्रपाळीला ते नीट कळलं नाही. दुसरा पंप बंद पडला तेव्हा त्यांनी पहिला सुरू केला, वायू गळला आणि स्फोट झाला. चौकशीत परमिटची आणि शिफ्ट हवाली करण्याची पद्धत किती ढिली होती ते बाहेर आलं. तिथल्या माणसांना पाने चालवता येत होते. आमची मुलं उद्या चंद्रपूरच्या वीज केंद्रात, सिमेंट कारखान्यात, नागपूरजवळच्या बुटीबोरीत तीन शिफ्टमध्ये काम करणार आहेत. लॉगबुकात काय लिहायचं, पुढच्याला काय सांगितल्याशिवाय गेट सोडायचं नाही, हे पानाइतकंच त्यांच्या कामाचं आहे. तंत्रशिक्षणाला मानांकन देणाऱ्या एनबीएनं डिप्लोमासाठी ठरवलेल्या निष्पत्तींमध्ये, म्हणजे मुलाला शेवटी काय यायला हवं त्या यादीत, कामाबद्दल परिणामकारक संवाद हा प्रकल्प व्यवस्थापनातच धरला आहे आणि तंत्रशिक्षण मंडळानं ‘के’ स्कीम या अभ्यासक्रमात आयसीटी (माहिती-संवाद तंत्रज्ञान) आणि कम्युनिकेशन स्किल्स पहिल्याच सत्रात ठेवलं आहे. ते शोभेसाठी ठेवलेलं नाही.

कंपनी शिकवून घेईल का? ज्याला घेईल त्याला शिकवेल. आधी फॉर्म भरायचा आहे, कागदपत्रं ठरलेल्या केबीत पीडीएफ करून चढवायची आहेत, मेल वाचायचा आहे. पुण्याच्या मुलाला हे घरी कुणीतरी दाखवतं. आमच्या मुलाला पॉलिटेक्निक सोडलं तर दाखवणारं कुणी नाही, म्हणून हे तास काढले तर सगळ्यात आधी तोच बाहेर पडतो.

त्या वडिलांना एक गोष्ट मात्र मोकळेपणानं सांगतो. तासांचा दर्जा सुधारायला हवा, ही तक्रार रास्त आहे. एका कॉम्प्युटरवर तीन-तीन मुलं बसतात, लाइट गेली की प्रॅक्टिकल बुडतं, जर्नल एकमेकांची बघून उतरवली जातात. तुम्ही पालक म्हणून कॉलेजात येऊन हे विचारा, मुलाला स्वतःच्या हातानं कॉम्प्युटर किती वेळ मिळतो ते विचारा. मी तुमच्या बाजूनं उभा राहीन.

आणि या शनिवारी जमलं तर वर्कशॉपमध्ये या. तिथल्या तीन नंबरच्या लेथवर एक पुठ्ठा टांगलेला आहे, दुसऱ्या वर्षाच्या मुलांनी कॉम्प्युटरवर मांडून छापलेला. वरच्या ओळी मराठीत, खाली त्याच इंग्रजीत: चक की (चक आवळायची चावी) काढल्याशिवाय मशीन सुरू करू नका. बाही दुमडा. चालू जॉबला हात लावू नका. सगळ्यात खाली त्यांनी स्वतःहून एक ओळ घातली आहे: ‘या मशीनचा क्रॉस स्लाइड थोडा ढिला आहे, माप दोनदा घ्या.’ तुमच्या मुलाचं नाव त्या पुठ्ठ्यावर आहे.