निरंक

गेल्या वर्षी सत्राच्या मध्यावर एका तरुण शिक्षिकेने आमच्या शाळेचा राजीनामा दिला आणि ना-देय दाखल्याचा कागद रीतसर फिरत फिरत माझ्या टेबलावर आला. पर्यवेक्षिका म्हणून मला त्यावर फक्त सही करायची होती. ग्रंथालयातील पुस्तके : निरंक. प्रयोगशाळेचे साहित्य : निरंक. कपाटाची किल्ली : निरंक. समितीची कागदपत्रे : निरंक. असा कागद हातात पडला की बरे वाटते, कारण कुणाकडून काही येणे राहिलेले नसते आणि हिशेब चोख असतो. त्या दिवशी मात्र माझे पेन थांबले. दोन वर्षे या बाई आमच्याकडे शिकवत होत्या आणि जाताना परत घ्यावे असे आम्ही त्यांना काही दिलेलेच नव्हते. राजीनाम्यात कारण ‘वैयक्तिक’ असे लिहिले होते. त्यांनी कधी तक्रार केली नव्हती, कुणाशी त्यांचे वाजले नव्हते, त्यांच्या वह्या वेळेवर तपासून होत असत. दोन वर्षांत त्या आमच्या झाल्याच नाहीत आणि हे आमच्यापैकी कुणाच्या लक्षातही आले नाही.

मुलांच्या समावेशनाबद्दल आपण शिक्षक पुष्कळ बोलतो. मधल्या सुट्टीत एखादे मूल रोज एकटे बसलेले दिसले तर आपण चौकशी करतो, त्याची जागा बदलून पाहतो, पालकांना बोलावतो. शिक्षक खोलीत एखादा सहकारी रोज एकटा बसलेला दिसला तर ‘त्यांचा स्वभावच तसा आहे’ असे म्हणून मोकळे होतो. माझे आजचे म्हणणे एवढेच आहे, की शाळा आपली वाटणे किंवा न वाटणे याचा संबंध माणसाच्या स्वभावाशी फार थोडा असतो. तो बराचसा वेळापत्रकाशी, बदली तासांच्या वहीशी आणि बैठकीच्या इतिवृत्ताशी असतो. मुळात ही कामे वर्षानुवर्षे माझ्याकडेच असल्यामुळे हे मी स्वतःविरुद्धचा पुरावा म्हणून लिहीत आहे, असे समजायलाही हरकत नाही.

डॅन लॉर्टी या अमेरिकी समाजशास्त्रज्ञांनी १९७५ साली शिक्षकी पेशाचा अभ्यास मांडताना शाळेच्या रचनेला अंड्यांच्या खोक्याची उपमा दिली होती. खोक्यात सगळी अंडी शेजारीशेजारी असतात, पण प्रत्येक अंडे आपापल्या खळग्यात असते आणि एकाचा दुसऱ्याला स्पर्श होत नाही. नवा डॉक्टर किंवा नवा सुतार आधी कुणाच्या तरी बाजूला उभा राहून काम करतो. शिक्षकाला मात्र पहिल्याच दिवशी अख्खा वर्ग मिळतो आणि तितकीच जबाबदारी मिळते जितकी वीस वर्षे शिकवणाऱ्याला मिळते. दिवसभर माणसांत राहूनही बरोबरीच्या माणसांशी बोलायला त्याला मिळतात ती काही मिनिटे, आणि तीसुद्धा बहुधा वह्यांच्या गठ्ठ्यावर मान घालून.

ती मिनिटे कुणाला मिळतात हे वेळापत्रक ठरवते. ज्यांनी वेळापत्रक कधी बनवले नाही त्यांना ते निव्वळ गणित वाटेल. प्रत्यक्षात त्यात एक क्रम असतो. आधी परीक्षेचे वर्ग आणि त्यांचे अनुभवी शिक्षक बसवले जातात, मग प्रयोगशाळा आणि मैदान यांचे तास, मग ज्यांनी अमुक दिवशी लवकर निघण्याची विनंती केलेली असते ते, आणि उरलेल्या चौकोनांत नव्या माणसाचे नाव बसते. त्यामुळे कुणालाच नको असलेली तुकडी, दिवसाचा शेवटचा तास आणि दोन तासांच्या मध्ये तीन मजल्यांची चढउतर हे सगळे आपोआप एकाच्याच वाट्याला येते. हेतू कुणाचाच वाईट नसतो. त्या कागदावर सही केल्यानंतर मी गेल्या वर्षीचे वेळापत्रक काढून पाहिले. त्या बाईंचे ऑफ तास असे पडले होते, की त्यांच्या विषयाचा दुसरा कुणीही शिक्षक त्या वेळी मोकळा नव्हता. आठवड्यात एकदाही नाही. दोन वर्षे त्यांनी एकच धडा आम्ही चौघे शिकवत असताना स्वतःच्या कल्पनेने, एकट्याने तयार केला असणार. मी वेळापत्रक तपासताना एकाच वेळी दोन वर्गांवर कुणी पडलेला नाही ना, एवढेच पाहत असे. कोण कुणाला कधी भेटू शकेल हे पाहायचे असते, हे मला कुणी सांगितले नव्हते आणि मलाही सुचले नव्हते.

बदली तासांच्या वहीची कथा याहून वेगळी नाही. रजेवर असलेल्याच्या जागी कुणाला पाठवायचे हे सकाळी घाईत ठरते, आणि घाईत आपण त्याचेच नाव लिहितो जो नाही म्हणणार नाही. वही चाळली तर पानांमागून पाने तीच तीन-चार नावे दिसतात : नवे, कंत्राटी, आणि ज्यांचे लग्न झालेले नाही म्हणून ज्यांना घरी काम नसते असे आपण धरून चाललेलो असतो ते. हे सगळे नियमाने समान वाटता येते आणि त्यासाठी संवेदनशीलतेच्या कोणत्याही कार्यशाळेची गरज नाही, एक कोष्टक पुरते.

चित्रकला, संगीत, शारीरिक शिक्षण, हस्तकला या विषयांच्या शिक्षकांबद्दल थोडे थांबून बोलायला हवे. परीक्षा जवळ आली की गणिताचे किंवा विज्ञानाचे शिक्षक दारात येतात आणि विचारतात, “सर, आज तुमचा तास घेऊ का?” वाक्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह असते, पण तो प्रश्न नसतो, कारण ‘नाही’ म्हणणारा चित्रकलेचा शिक्षक मी आजवर एकच पाहिला आणि पुढची कितीतरी वर्षे त्यांची ओळख ‘जरा तऱ्हेवाईक’ अशी करून दिली जात असे. रंगांच्या बाटल्या उघडून, पाणी भरून ठेवलेले असताना तास गेल्यावर ते पाणी पुन्हा बेसिनमध्ये ओतणारा माणूस त्या क्षणी आपल्या विषयाबद्दल आणि स्वतःबद्दल शाळेचे मत काय आहे ते पुरेपूर समजून चुकलेला असतो. नंतर शिक्षक दिनी त्याला गुलाब दिला काय किंवा न दिला काय.

विशेष शिक्षक, ग्रंथपाल आणि समुपदेशक यांचेही असेच होते. मुलांना सामावून घेण्यासाठी ज्यांची नेमणूक झालेली असते त्यांनाच शिक्षकांच्या बैठकीत ‘तुमचा विषय शेवटी घेऊ’ असे सांगितले जाते, आणि शेवट येईपर्यंत घंटा होते.

बैठकीवरून आठवले. काही वर्षांपूर्वी कमी ऐकू येणारे एक शिक्षक आमच्याकडे रुजू झाले. ते श्रवणयंत्र वापरत आणि बरेचसे ओठांवरून ओळखत. आमच्या बैठका तोवर बाजारासारख्या चालत. तिघे एकदम बोलत, चौथा दाराशी उभा राहून बोलत असे. त्यांनी फक्त दोन गोष्टी मागितल्या : बसण्याची रचना गोल असावी आणि एका वेळी एकानेच बोलावे. पहिल्या दोन बैठकांना सगळ्यांची चुळबुळ झाली. तिसऱ्या बैठकीत प्रयोगशाळेतील एक सहायक, ज्यांचा आवाज मी त्याआधी बैठकीत ऐकल्याचे मला आठवत नाही, ते साहित्याच्या खरेदीबद्दल पाच मिनिटे बोलले आणि अगदी नेमके बोलले. त्यांना ऐकू व्यवस्थित येत होते. फक्त बोलायला जागा मिळत नव्हती. एका माणसाची अडचण दूर करण्यासाठी केलेली सोय दुसऱ्याच कुणाच्या उपयोगी पडते, हे मी वाचले पुष्कळदा होते, पाहिले तेव्हा पहिल्यांदा.

बोलायला जागा मिळणे आणि बोलण्याची भीती न वाटणे या मात्र दोन गोष्टी आहेत, आणि दुसरी जास्त अवघड आहे. एमी एडमंडसन यांनी हार्वर्डमध्ये संशोधन करताना १९९० च्या दशकात रुग्णालयांतील पथकांच्या औषधे देताना होणाऱ्या चुका तपासल्या. चांगल्या पथकांच्या चुका कमी असतील अशी त्यांची अटकळ होती, आणि आकडे उलटे निघाले. चांगल्या पथकांच्या नावावर चुका जास्त होत्या. ही पथके जास्त चुकत नसून चूक झाल्यावर ती सांगत आहेत, असा त्यांनी त्याचा अर्थ लावला, आणि पुढे १९९९ मध्ये मानसिक सुरक्षिततेची, म्हणजे चूक सांगायला किंवा प्रश्न विचारायला भीती न वाटण्याची, कल्पना सविस्तर मांडली. आता आपली शिक्षक खोली आठवून पाहा. “आज माझा तास पार फसला, मुलांना काही कळले नाही,” हे वाक्य तिथे शेवटचे कुणी उच्चारले होते? मुले ऐकत नाहीत, पालक लक्ष देत नाहीत, अभ्यासक्रम लांबलचक आहे, हे सगळे रोज बोलले जाते. स्वतःच्या फसलेल्या तासाबद्दल बोलणारा नवा शिक्षक मात्र दुसऱ्याच दिवशी ‘वर्ग सांभाळता येत नाही’ या शिक्क्यासह मुख्याध्यापकांच्या खोलीत चर्चेला येतो. एकदा हे झाले की तो पुन्हा तोंड उघडत नाही आणि आपण म्हणतो, स्वभाव अबोल आहे.

यावर उपाय म्हणून शाळा जे करतात त्याविषयी माझे मत फारसे चांगले नाही. शिक्षणाचे अभ्यासक अँडी हारग्रीव्हज यांनी वरून लादलेल्या सहकार्याला ‘बनावट सहकार्य’ म्हटले आहे, आणि आपण सगळ्यांनी ते भोगले आहे : ठरलेल्या दिवशी ठरलेल्या वेळी एकत्र बसायचे, अनुभवांची देवाणघेवाण करायची, फोटो काढायचा आणि अहवाल पाठवायचा. याच्या अगदी विरुद्ध असलेली एक पद्धत जपानमध्ये शंभरहून अधिक वर्षे चालत आली आहे. तिला तिकडे ‘जुग्यो केंक्यू’, म्हणजे पाठाचा अभ्यास, असे म्हणतात. काही शिक्षक मिळून एक पाठ तयार करतात, त्यांच्यातील एक जण तो शिकवतो, बाकीचे वर्गात बसून मुले काय करतात ते टिपतात, आणि मग चर्चा होते ती पाठाची. पाठ सगळ्यांचा असल्यामुळे तो फसला तर एकट्या शिकवणाऱ्याची मान खाली जात नाही. आपल्याकडे दुसऱ्याच्या वर्गात मागच्या बाकावर जाऊन बसणे म्हणजे तपासणी, आणि तपासणीत कुणी कुणाचा होत नाही.

‘शिक्षकांनी शिकवावे, त्यांचे एवढे लाड कशाला’ असा आक्षेप मी एका बैठकीत ऐकला आहे. अँथनी ब्रिक आणि बार्बरा श्नायडर यांनी शिकागोच्या प्राथमिक शाळांचा १९९० च्या दशकात जो अभ्यास केला, त्यात ज्या शाळांमध्ये मोठ्या माणसांचा एकमेकांवर विश्वास होता त्या शाळांतील मुलांची वाचन आणि गणितातील प्रगती होण्याची शक्यता बरीच जास्त आढळली. तेव्हा लाड नक्की कुणाचे होत आहेत, हे आक्षेप घेणाऱ्यांनी पाहावे.

जुन्या शिक्षकांना खलनायक ठरवण्याचा माझा हेतू नाही, कारण मी त्यांच्यातलीच आहे. खिडकीजवळच्या टेबलाभोवती आम्ही पाच जणी वर्षानुवर्षे बसत आलो. आमचा व्हॉट्सअॅपवर वेगळा गट आहे. शाळेचा अधिकृत गट निराळा. पण कार्यक्रमाची जबाबदारी कुणाकडे द्यायची, कोणता वर्ग कुणी घ्यायचा, हे आधी आमच्या गटात ठरते आणि मग अधिकृत गटात ‘सर्वांच्या माहितीसाठी’ म्हणून येते. आमच्या मनात कुणाला वगळायचे नव्हते, आम्ही फक्त मैत्रिणी होतो. मैत्री बंद करावी असे मी म्हणणार नाही, आणि तसे कुणी करणारही नाही. पण शाळेच्या कामाचा निर्णय त्या गटात घ्यायचा नाही, एवढे बंधन या सत्रापासून आम्ही घालून घेतले आहे. ते दोनदा मोडले आहे. त्यातल्या एकदा मीच मोडले.

या सत्रात बदली तासांची वही शिक्षक खोलीतील टेबलावर उघडी असते. एकाच विषयाच्या शिक्षकांचा आठवड्यात एक तरी ऑफ तास एकत्र यावा म्हणून वेळापत्रक तीनदा मोडून बनवावे लागले, आणि दोघांची लवकर निघण्याची सवलत गेल्यामुळे ते अजून माझ्याशी मोजकेच बोलतात. त्या बाईंच्या जागी आलेले शिक्षक रुजू झाले त्या दिवशी मी त्यांना शिक्षक खोलीतील कपाटाचा एक खण दिला. किल्ली हातात घेऊन त्यांनी विचारले, “मॅडम, सही कुठे करू?” नोंदवहीत त्यांनी सही केली. ते कुलूप जरा अडते, किल्ली किंचित वर उचलून फिरवावी लागते. तेही त्यांना एकदा करून दाखवले.